देवाचा उजवा

चौथ्या रविवारीही हिंदुरावांनी दवाखान्यात जायला नकार दिला, आणि या वेळी कुणी वाद घातला नाही. वाद घालायचा तो सावित्रीबाईंची पूजा झाल्यावर, हे न बोलता ठरून गेलं होतं. देव काय म्हणतो ते आधी कळू दे.

विजयश्री सासऱ्यांच्या पायाची पट्टी सोडत होती. शेवटचे वेढे कातडीला चिकटले होते. तिने त्यावर सलाईन सोडलं आणि ते मऊ व्हायची वाट पाहत बसली. पहिल्या रविवारी अंगठा आणि शेजारचं बोट, एवढंच काळं होतं. आता काळेपण पावलावर पसरून घोट्याशी आलं होतं, आणि त्याच्या वर नडगीपर्यंत कातडी लाल, तकतकीत आणि गरम होती. काल संध्याकाळी तिने लालीच्या कडेकडेने पेनाची एक रेघ ओढून ठेवली होती. लाली रात्रीत ती रेघ ओलांडून वर गेली होती.

"किती चढलं?" हिंदुरावांनी डोळे न उघडता विचारलं. त्यांना ताप होता.

"थोडं."

"तुझं थोडं म्हंजी लई असतंय, विजू. तू मास्तरीण. तुला हात आखडूनच मार्क द्यायची सवय."

चिंचवडच्या ज्युनिअर कॉलेजात विजयश्री भौतिकशास्त्र शिकवायची. घरात तिच्या शिक्षणाचा उल्लेख असा थट्टेतच व्हायचा. तिने जखम पुसली, नवी पट्टी गुंडाळली, जुनी पिशवीत बांधून मागच्या दाराबाहेर ठेवली आणि हात धुतले. मग पुन्हा धुतले. वास हाताला नव्हता, घराला होता.

डॉक्टरांनी पहिल्यांदा फक्त दोन बोटं काढायची म्हटलं होतं. मग अर्धं पाऊल. मग घोट्याच्या वर. काल फोनवर म्हणाले, आज आणलंत तर गुडघ्याच्या खाली प्रयत्न करता येईल. उद्याचं मला सांगता येणार नाही, आणि परवा पायाचा प्रश्नच उरणार नाही. दर वेळी हिंदुराव एकच उत्तर देत. "सावित्री इचारंल. देव हो म्हनला की मी हाय तयार." आणि दर रविवारी सावित्रीबाई देवघरातून उठून बाहेर येत आणि एकच शब्द सांगत. डावा.

देवघर म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला लाकडी देव्हारा. त्यात भैरोबाचा चांदीचा टाक उभा केलेला. त्याच्या दोन खांद्यांवर शेवंतीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. घरातला कुठलाही मोठा निर्णय या कौलाशिवाय झाला नव्हता. हिंदुराव पिंपरीच्या कंपनीतून रिटायर झाले तेव्हा गावी परत न जाणं, काळेवाडीची भाड्याची खोली सोडून कुरुळीत जागा घेणं, धाकट्या समाधानचं ठरलेलं लग्न मोडणं. विजयश्री स्वतः या घरात आली तीही उजव्या पाकळीनेच.

हिंदुराव कौलाच्या वेळी कधी जवळ नसत. नोकरीत असताना पहिल्या पाळीला असत, नंतर बाहेर ओट्यावर पेपर घेऊन बसत. त्यांच्यापर्यंत तेवढा शब्द पोचायचा.

सावित्रीबाईंनी कधी घाई केली नाही. पाकळी पडायला दुपार झाली तरी त्या मांडी मोडत नसत, पाणी घेत नसत. पाकळीला फुंकर नाही, टाकाला धक्का नाही, आणि आवडलं नाही म्हणून त्याच दिवशी दुसऱ्यांदा विचारणं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी विजयश्री न राहवून म्हणाली होती, "आई, चांदीवर पाकळी पाण्याच्या थराने धरलेली असते. जिकडून वारा लागतो तिकडची आधी वाळते." सावित्रीबाईंनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं होतं. "व्हय की. आन् वारा कोन सोडतं? तुझं कालेज?"

त्यानंतर ती बोलली नाही. पण देव्हाऱ्याच्या डाव्या अंगाला खिडकी होती, हे तिला दिसत होतं. गेल्या रविवारी सासूबाई आंघोळीला गेल्या असताना ती त्या खिडकीपाशी गेली होती. झडप लोटली असती आणि दार थोडं किलकिलं ठेवलं असतं, तर उजवी आधी वाळली असती. कडीला हात लावून ती उभी राहिली आणि मग तिने हात काढून घेतला. देवाचं भय नव्हतं. जी बाई उपाशीपोटी पाकळीपुढे अर्धा दिवस बसते, तिच्या पाठीमागे असलं काही करणं तिला जमलं नाही. गेला आठवडाभर पट्टी सोडताना ती कडी तिला आठवत होती.

बाहेर गाडी थांबली. विजयश्रीचा नवरा निरंजन कुसुमताईंना घेऊन आला.

कुसुमताई हिंदुरावांची धाकटी बहीण. पाटणच्या वर डोंगरात, भैरोबाच्या देवळाला लागून त्यांचं घर. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही; पिठाची गिरणी आणि थोडं शेत एकटीने सांभाळलं. सोळा-सतरा वर्षांत त्या या घरी फार तर चार-पाचदा आल्या असतील. येत, पाणी पीत आणि निघून जात. त्यामागचं कारण समोरच्या भिंतीवर फोटोत होतं: ज्योतीराम, निरंजनचा थोरला भाऊ. तो शाळा संपवून बसला होता तेव्हा कुसुमताईंनी त्याला मागितलं होतं. गिरणी त्याच्या नावावर करते, माझ्याजवळ राहू दे. सावित्रीबाईंनी कौल लावला. ज्योतीला चाकणच्या कंपनीत घालू का? उजवा पडला. बाविसाव्या वर्षी, तिसरी पाळी संपवून पहाटे घरी येताना, तळेगाव रस्त्यावर ज्योतीराम कंटेनरखाली गेला. त्या वेळी विजयश्री या घरात नव्हती. तिला हे सगळं फोटो पुसताना, तुकड्यातुकड्याने कळलेलं.

"दादा," कुसुमताई खाटेपाशी आल्या. पायाकडे पाहिलं आणि पदर नाकाला लावला. मग लाज वाटून काढला. "ह्ये काय करून घेतलंस रं?"

"आलीस का? वाटलं माझ्या दहाव्यालाच येशील."

"तुझ्या दहाव्याला कावळा बी शिवायचा न्हाई. एवढा हट्टी मानूस."

"हट्ट माझा न्हाई. देवाचा हाय."

निरंजनने विजयश्रीला दारापाशी बाजूला ओढलं. तो चाकणला एका कारखान्यात लाइन सुपरवायझर होता. बोलताना शिफ्टवर बोलल्यासारखा आखूड बोलायचा. "आत्याला रस्त्यात सगळं सांगितलंय. ती आपल्या बाजूने आहे. आज कौल काहीही पडू दे, अॅम्ब्युलन्स मी सांगून ठेवलीय."

"आबांनी सही नाही केली तर?"

"मी करतो की सही."

"ते शुद्धीत आहेत. त्यांना नको असताना डॉक्टर हात लावणार नाहीत. त्यांनी हे दोनदा सांगितलंय."

"मग बेशुद्ध व्हायची वाट बघू?" निरंजनचा आवाज चढला.

मागून समाधान आला. कंपनीची बस चालवून तो नुकताच घरी आला होता, अंगावर अजून खाकी शर्ट होता. "दादा, हळू. आई बसलीय आत."

"तू तर बोलूच नको. तू आणि आई, दोघांनी मिळून थांबवलंय त्यांना."

"मी नाही थांबवलं. मी म्हटलं, आईला विचारून करू. माझं लग्न मोडलं तेव्हा तूच म्हणत होतास, देवाचं ऐक. तेव्हा देव बरोबर होता, आता चुकतोय?"

"तेव्हा पाय नव्हता सडत, भावा."

समाधान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळला. ज्या मुलीशी लग्न मोडलं ती आता भोसरीत दोन मुलांसह सुखात होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

स्वयंपाकघरात सावित्रीबाई पाटावर बसल्या होत्या. पाकळ्या लावून झाल्या होत्या. कुसुमताई भिंतीला टेकून त्यांच्या मागे बसल्या, विजयश्री ओट्यापाशी उभी राहिली. दोन्ही भाऊ दारात. सावित्रीबाईंनी हात जोडले आणि नेहमीच्या सरळ आवाजात, शेजारणीला विचारावं तसं विचारलं.

"बाबा, ह्येंचा पाय कापू द्यावा का? जी तुजी मर्जी आसंल ती सांग. मी बसते."

आणि त्या बसल्या. बाहेरच्या रस्त्यावर ट्रेलर जाताना भांडी हलकीशी किणकिणत होती. निरंजनने एकदा मोबाईल काढला, परत ठेवला. बाहेरच्या खोलीतून हिंदुरावांचं कण्हणं येत होतं, मध्येच थांबत होतं, आणि ते थांबलं की सगळ्यांच्या माना तिकडे वळत होत्या. फक्त सावित्रीबाईंची वळत नव्हती.

विजयश्री पाकळ्यांकडे पाहत होती. खिडकीकडच्या पाकळीची कड उचलली गेली होती. पुढचं तिला ठाऊक होतं. ती कड आणखी उचलली, पाकळी सरकली आणि खाली ताम्हनात पडली.

सावित्रीबाईंनी डोळे मिटून घेतले. "डावा," त्या म्हणाल्या.

निरंजनने दाराच्या चौकटीवर हात आपटला.

"डावा कसा?" कुसुमताई मागून म्हणाल्या. अगदी सहज म्हणाल्या, हिशोबातली लहानशी चूक दाखवावी तसं. "उजवा दिलाय की गं."

"न्हाई वन्सं, ह्यो बघा. ह्या बाजूची पडली."

"त्येच म्हनते मी. ह्या बाजूची पडली. ह्यो देवाचा उजवा." कुसुमताई गुडघ्यांवर पुढे सरकल्या आणि टाकाकडे बोट केलं. "तलवार कुठल्या हातात हाय बाबाच्या? ह्या. देवळात गुरव काय तुझा हात बघून कौल सांगतोय व्हय? देव बोलतोय, तर देवाचाच हात धरायचा. माझ्या बापापास्नं आसंच हाय."

सावित्रीबाई त्यांच्याकडे वळून पाहत राहिल्या. "आमच्या म्हायेरी," त्या म्हणाल्या, "आपल्या हाताला पडली ती उजवी. माझी आई तसंच धरायची."

"तुझं म्हायेर घाटाखाली. तिथला देव येगळा, त्याची रीत येगळी. ह्यो भैरोबा आमचा हाय न्हवं?"

"थांबा, थांबा." निरंजन आत आला. "आत्या, म्हणजे होकार? देव हो म्हणतोय?"

"हो म्हनतोय म्हंजी? ढळढळीत हो म्हनतोय."

"मग मागचे तीन रविवार? आई, तेव्हाही हीच पडली होती ना? हीच ना?"

सावित्रीबाईंनी मान हलवली.

विजयश्रीच्या मनात तो हिशोब आपोआप झाला. पहिल्या रविवारी होकार. तेव्हा फक्त दोन बोटं होती. तिने ओट्याची कड धरली.

निरंजन बाहेर धावला. त्याचा आवाज घरभर ऐकू आला. "आबा! देव हो म्हणालाय! आत्याने बघितलं. पहिल्यापासून हो म्हणतोय. चला आता, सही करा."

हिंदुराव खाटेवरूनच म्हणाले, "कुसुम कवापास्नं माझ्या घरात कौल लावाया लागली?"

"अहो, कौल आईनेच लावला. बघण्यात चूक होत होती."

"सावित्रीला येऊ दे. ती सांगंल ती खरी."

आत सावित्रीबाई ताम्हनातली पाकळी उचलून तळहातावर घेऊन बसल्या होत्या. कुसुमताई ती पाकळी निरखत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा मघाचा सहजपणा हळूहळू निघून जात होता आणि त्या जागी काय येतंय ते विजयश्रीला आधी समजलं नाही.

"वैनी," कुसुमताई म्हणाल्या. "ज्योतीच्या येळंला कुठली पडली हुती?"

समाधान दारातून आत आला. "आत्या, नको."

"मला सांगू दे तिला. कुठली पडली हुती?"

"उजवी," सावित्रीबाई म्हणाल्या. मग पाकळी धरलेला आपलाच हात त्यांनी थोडा वर केला. "ह्या हाताची."

गुडघ्यांवर बसलेल्या कुसुमताई तिथेच जमिनीवर टेकल्या. "म्हंजी देव न्हाई म्हनला हुता."

त्या सावित्रीबाईंकडे वळल्या.

"न्हाई म्हनला हुता देव. कंपनीत घालू नको म्हनला. मी काळेवाडीला तुझ्या उंबऱ्यात पदर पसरून बसले हुते, वैनी. आठवतंय? तू आतनं आलीस आन् म्हनलीस, वन्सं, उजवा पडला, देवाची मर्जी. मी येक शब्द बोलले न्हाई. देवाच्या मर्जीम्होरं काय बोलायचं? गप उठले, यष्टीत बसले." त्यांचा आवाज फाटला. "इतकी वरसं मी देवावर रुसले गं. देवळाला लागून घर, आन् मी पायरी चढले न्हाई."

"आत्या, बास म्हटलं ना!" समाधान ओरडला.

निरंजन परत आला होता. त्याला मधलं काही कळलं नव्हतं. "आता हे उकरायची वेळ आहे? ज्योतीदादा गेला. आबा अजून आहेत. आई, चल, एवढं एक वाक्य सांग त्यांना. उजवा. बास."

"तुला कळतंय का तू तिला काय कबूल करायला सांगतोयस?" समाधान म्हणाला. चार रविवार तो आईच्या बाजूने थांबा म्हणत होता. आता तो आई आणि दार यांच्या मध्ये उभा होता. "आजचा उजवा धरला तर ज्योतीदादाचा डावा होतो. घर पण, माझं लग्न पण, सगळं उलटं."

"आणि आमचं पण?" निरंजन एकदम म्हणाला आणि विजयश्रीकडे बघून विचित्र हसला. "घ्या. देवाला तू नको होतीस."

"देवाचं बरोबर असणार," विजयश्री म्हणाली. हसलं कुणी नाही.

सावित्रीबाई तळहाताकडे पाहत होत्या. त्या बोलल्या तेव्हा त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं. एखादी अवघड वाट शोधत पाऊल टाकावं तशा त्या शब्द टाकत होत्या.

"देवाला ठावं न्हवतं व्हय, मी कुठला हात धरते त्ये? त्येला सगळं ठावं आसतंय. मी अडानी. मला आईनं शिकवलं तसं मी इचारलं. मग त्यो मला कळंल आसंच सांगंल का न्हाई? मराठी मानसाला कानडीत सांगून काय उपेग?"

कुसुमताईंनी मान वर केली. 

"ठीक आहे," निरंजन म्हणाला. त्याने पुढचं पाऊल ओळखलं होतं. "तुझ्या हाताने देव बोलतो असं धरू. मग आज काय म्हणाला तो?"

सावित्रीबाईंचे ओठ हलले. "मग आज बी न्हाईच म्हनला."

निरंजन भिंतीकडे वळला आणि कपाळ टेकून उभा राहिला. बाहेर हिंदुराव कुणाला तरी हाक मारत होते. हाक ज्योतीला होती की निरंजनला, ते कळलं नाही.

"विजू." सावित्रीबाईंनी मान न वळवता हाक मारली. "तू शिकलीस. पोरांस्नी शिकवतीस. तुझ्या शास्त्रात आसं काय आसतं का? डावं-उजवं?"

"असतं, आई."

"कसं?"

विजयश्री ओट्यापासून पुढे आली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. दर वर्षी भिंगाचा धडा शिकवताना ती हेच समजावून सांगायची. अंतर कुठल्या दिशेला अधिक धरायचं आणि कुठल्या दिशेला उणे, हे आधी ठरवायचं. एका पुस्तकात एक रीत, दुसऱ्यात उलटी. "दोन रीती असतात," ती म्हणाली. "दोन्ही चालतात. कुठलीही धरली तरी उत्तर बरोबर येतं."

"दोन्ही चालत्यात." सावित्रीबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. त्या पुढे वाकल्या. आवाज इतका खाली आला की दारातल्यांना ऐकू गेला नसावा. "मग तवाचं माझ्या हातानं धरलं आन् आताचं देवाच्या, तर?"

विजयश्रीला कळलं की एक शब्द पुरेल. हो. त्या एका शब्दाने सासरे दवाखान्यात जातील आणि या बाईचा मुलगाही देवाच्या मर्जीनेच गेलेला राहील. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तिने तोंड उघडलं. समोरचे डोळे तिच्यावर होते. त्या डोळ्यांनी कधी पाकळीला घाई केली नव्हती, आणि ते आताही घाई करत नव्हते. ते उत्तराची वाट पाहत होते, जे येईल ते घेण्यासाठी.

"नाही आई," ती म्हणाली. "मध्येच बदलता येत नाही. एक धरली की शेवटपर्यंत तीच."

बोलल्यावर तिला वाटलं, आपण हे काय केलं.

सावित्रीबाईंनी मान हलवली. दोनदा, तीनदा. पाकळी ताम्हनात परत ठेवली, जमिनीवर हात टेकला. समाधान उठवायला पुढे आला, त्याला त्यांनी हातानेच बाजूला केलं. टाकाकडे त्यांनी पाहिलं नाही. त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या. काळ्या पायापासून हातभर अंतरावर.

"आवं."

हिंदुरावांनी डोळे उघडले.

"उजवा हाय," सावित्रीबाई म्हणाल्या.

"सकाळधरनं पोरं वरडत्यात. तू सांग. कुनाचा उजवा?"

"देवाचा."

तापातही त्यांना समजलं. भैरोबाच्या देवळात लहानाचा मोठा झालेला माणूस तो. देवाचा उजवा म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते बायकोकडे पाहत राहिले. त्यांची नजर तिच्या खांद्यावरून समोरच्या भिंतीवर गेली आणि तिथे थांबली.

"मग पोरगं?"

"त्यो मी धाडला," सावित्रीबाई म्हणाल्या. "देवानं न्हाई."

विजयश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला वाटलं होतं की सासरे काहीतरी बोलतील. शिवी देतील, किंवा हात पुढे करतील. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचा श्वास भरभर आणि वरवरचा चालला होता. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच ते म्हणाले, "निरंजन, गाडी बोलव. सही कुठं करायची ती करतो."

पुढचं सगळं घाईत झालं. निरंजनने फोन लावले. डॉक्टर म्हणाले, आणा, गुडघा राहतो का बघू, शब्द देत नाही. समाधानने चादरीची झोळी करून एक टोक धरलं. शेजारचे दोघे धावून आले. बाहेरच्या ओट्यावरून उतरवताना हिंदुराव पहिल्यांदाच मोठ्याने ओरडले आणि गल्लीतली माणसं दारात आली. विजयश्रीने फाइल, औषधं, पाण्याची बाटली पिशवीत भरली.

"आई, चला," ती म्हणाली. "गाडीत जागा आहे."

सावित्रीबाई रिकाम्या खाटेच्या कडेलाच बसून होत्या. "तुमी जावा."

"ते विचारतील तुम्हाला."

"न्हाई इचारायचे."

विजयश्रीला थांबावंसं वाटत होतं, पण बाहेर हॉर्न वाजत होता. ती चपला घालत असताना कुसुमताई आतून आल्या. रडून त्यांचा चेहरा सुजला होता. त्या खाटेपाशी थांबल्या. विजयश्रीला भीती वाटली की त्या आता पुन्हा सुरू करतील. पण त्यांनी भावजयीच्या खांद्यावर हात ठेवला, जरा अवघडून, आपल्याला हे येत नाही अशा रीतीने.

"मी लई बोलले मगाशी. तू काय जानून केलंस व्हय, वैनी? तुला काय ठावं हुतं?"

सावित्रीबाईंनी वर पाहिलं.

"ठावं न्हवतं," त्या म्हणाल्या, "म्हनून तर इचारलं हुतं, वन्सं."

कुसुमताईंचा हात तिथेच राहिला. बाहेरून निरंजनने दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा विजयश्रीने दार ओढून घेतलं आणि ती गाडीकडे धावली.